रहिवासी कोणास म्हणावें?

अमेरिकेंतील सरकारी विद्यापीठें बहुतेक केंद्राचीं नसून त्या त्या राज्याचीं आहेत. राज्य आपल्या लोकांच्या करांतून त्यांस पैसा पुरवितें. म्हणून राज्यांतल्या मुलास शिक्षणशुल्क कमी, आणि परराज्यांतून आलेल्यास पुष्कळदां दुप्पट-तिप्पट. शेजारच्या राज्यांतला अमेरिकन नागरिकसुद्धां या हिशेबांत उपराच. येथवर सर्व सरळ आहे. अडचण सुरू होते ती ‘रहिवासी’ या शब्दापाशीं.

कायद्याच्या दृष्टीनें निवासास दोन अंगें आहेत, एक देहाचें व दुसरें मनाचें. देह राज्यांत असला पाहिजे, बहुतेक ठिकाणीं निदान बारा महिने. कॅलिफोर्निया विद्यापीठांत तर ३६६ दिवस, म्हणजे वर्षाहून एक दिवस अधिकच! आणि मनांत तेथेंच कायम राहण्याचा हेतु हवा. दिवस मोजतां येतात; मन मात्र कागदपत्रांवरून वाचावें लागतें. मोटार चालविण्याचा परवाना, मतदारयादींतील नांव, राज्याचा प्राप्तिकर भरल्याचा दाखला, असे ते कागद. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यांत काढलेला परवाना हेतु सिद्ध करीत नाहीं. उलट संशय वाढवितो. केवळ शिकण्यासाठीं आलेला विद्यार्थी चार वर्षें राहिला तरी बहुधा बाहेरचाच मानला जातो.

हा दंडक किती ताणावा, हा प्रश्न १९७३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आला. अर्जाच्या वेळीं जो बाहेरचा ठरला तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा कनेक्टिकट राज्याचा कायदा होता. दाद मागणाऱ्या दोन विद्यार्थिनींपैकीं एकीचें लग्न त्याच राज्यांतील रहिवाशाशीं झालेलें. परवाना, मोटार, मत सारें तेथलें. सासर तेथें, आणि सून मात्र परकी! न्यायमूर्ति पॉटर स्टुअर्ट यांनीं बहुमताचा निकाल दिला कीं, राज्यानें शुल्कांत भेद खुशाल करावा, वाजवी मुदतीची अटहि घालावी. परंतु रहिवासी झाल्याचा पुरावा ऐकूनच न घेणें हें न्यायाचें नव्हे.

ज्यांचे आप्त तिकडे नोकरीस आहेत अशा श्रोत्यांना याची एक बाजू अधिक जवळची वाटेल. एच-१बी व्हिसावरील गृहस्थाची मुलगी आश्रित म्हणून एच-४ व्हिसावर असते. त्या व्हिसास कायम राहण्याचा हेतु वर्ज्य नसल्यानें कॅलिफोर्नियांत ती रहिवासी ठरूं शकते. पण एकविसावें वर्ष पुरें झालें कीं आश्रितपण संपतें. भारतांत जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग फार लांब. तोंवर कार्ड हातीं आलें नाहीं तर तिला बहुधा विद्यार्थ्याचा एफ-१ व्हिसा घ्यावा लागतो. आणि या व्हिसाची अटच अशी कीं, शिक्षण संपतांच मायदेशीं परतण्याचा हेतु असला पाहिजे! बालपणापासून तेथें वाढलेल्या मुलीनें मायदेश कोणता म्हणावा? कांहीं राज्यें तेथील शाळेंत काढलेलीं वर्षें पाहून शुल्कांत सवलत देतात. सर्वच देत नाहींत. पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षांत हा प्रसंग येतो, आणि घरचें अंदाजपत्रक तर पहिल्याच वर्षीं आंखलेलें असतें.