दुसरा बांध

अंगावरचा तीळ आपल्या इतक्या ओळखीचा असतो, की त्याच्याकडे पुन्हा पाहावे असे कुणाला वाटत नाही. पण कातडीला रंग देणाऱ्या पेशीच कधी कधी बेबंद वाढू लागतात. या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. तो कातडीपुरता असेल तर कापून काढता येतो. फुप्फुसात किंवा मेंदूत पोचला, की नुसती शस्त्रक्रिया पुरत नाही.

२००२ साली इंग्लंडमधील संशोधकांना आढळले, की पुष्कळ मेलॅनोमांत ‘बी-रॅफ’ नावाच्या जनुकात बिघाड असतो. त्यामुळे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम अखंड मिळत राहतो. २०११ मध्ये हा हुकूम थांबवणारे वेमुराफेनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. गाठी भराभर विरल्या. पण पुष्कळांचा रोग काही महिन्यांतच उलटला. असे का व्हावे? पाटात एकच बांध घातला, तर पाणी बाजूने वाट काढतेच ना? तसेच हे. म्हणून त्याच वाटेवर पुढे दुसरा बांध घातला. डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी २०१४ मध्ये मंजूर झाली, आणि रोग अधिक काळ आवरला गेला.

दुसरा उपाय आहे तो शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळे करण्याचा. त्यामागील शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग आधी काय द्यावे? ‘बी-रॅफ’ बिघडलेल्या रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना प्रतिकारशक्तीची औषधे आधी दिली, त्यांच्यापैकी दोन वर्षांनी शेकडा सुमारे ७२ हयात होते. ज्यांनी गोळ्यांपासून सुरुवात केली, त्यांच्यापैकी सुमारे ५२. औषधे तीच, फक्त क्रम बदलला!

तुम्ही म्हणाल, याचा आम्हांला काय उपयोग? आपल्याकडे हा रोग विरळा. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. या प्रकारात ‘बी-रॅफ’चा बिघाड कमी आढळतो, म्हणून गाठीची तपासणी केल्यावाचून या गोळ्या देता येत नाहीत. शिवाय ही औषधे महाग आहेत.

तेव्हा गुरुजींनी मुलांना आणि मुलांनी आजी-आजोबांना एवढे जरूर सांगावे: तळव्यावरचा काळा डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, किंवा नखाखालची काळी रेघ रुंदावत असेल, तर तिथे बिब्बा लावू नका, डागणी देऊ नका. तडक डॉक्टरांना दाखवा. वेळीच कापलेल्या डागाला यांतला एकही बांध सहसा लागत नाही.