आराखड्यातील आकडा आणि पुलावरचा माणूस



नगरनियोजन हा अभियंत्यांचा प्रांत, तेथे आपण काय बोलणार, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. तरीही या विषयावर बोलतो आहे, कारण अभियंत्यांच्या गणिताचे उत्तर अखेर सामान्य नागरिकालाच भोगावे लागते.

मेट्रो कोठून न्यावी, कोणत्या विभागात किती चटईक्षेत्र द्यावे, हे ठरविताना प्रवासमागणीचे गणिती प्रतिमान वापरले जाते. त्याच्या पायऱ्या चार : कोणत्या विभागातून किती प्रवास निघतील, ते कोठे जातील, कोणत्या साधनाने जातील आणि कोणत्या मार्गाने जातील. ही पद्धत 1950च्या दशकात डेट्रॉइट, शिकागो या अमेरिकी शहरांत आकारास आली. मोटारींसाठी रस्ते किती हवेत, ही तेव्हाची मुख्य चिंता होती. मुंबई महानगराचे वास्तव निराळे. 2008 मध्ये पूर्ण झालेल्या येथील सर्वंकष वाहतूक अभ्यासात सुमारे निम्मे प्रवास पायीच होतात, असे आढळले. मग पादचाऱ्याला न मोजणारे गणित आपल्या काय कामाचे?

गिरणगावाचे उदाहरण घ्या. 1982च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. पुढे 1991 आणि 2001च्या विकास नियमांनी त्या जमिनींचा वापर बदलला. परळ-लोअर परळला कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. त्याच काळात लोकवस्ती मात्र उपनगरांकडे सरकत होती. 2001 ते 2011 या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 33 लाखांवरून 31 लाखांवर आली. राहणारे घटले, कामासाठी येणारे वाढले. जमिनीचा वापर बदलला, पण स्थानकातून बाहेर पडण्याची वाट तीच राहिली. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा बळी गेला.

महानगराचे प्रतिमान शहराचे विभाग पाडते. विभाग मोठा असला की त्याच्या आतले चालणे हिशेबातून निसटते. पुलाच्या पायऱ्या त्या चाळणीत अडकतच नाहीत. म्हणून ज्या पातळीवर निर्णय घ्यायचा, त्याच पातळीवर गणित पडताळले पाहिजे. स्थानिक प्रतिमानाचे महत्त्व ते हेच.

चूक उलट्या दिशेनेही होते. बेंट फ्लिव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये जगातील 27 रेल्वे प्रकल्पांचा हिशेब मांडला. प्रत्यक्ष प्रवासी भाकिताच्या सरासरीने निम्मेही नव्हते. मुंबईत 2014 मध्ये सुरू झालेल्या मोनोरेलकडेही प्रवाशांनी अपेक्षेइतके वळून पाहिले नाही. एकीकडे रिकामे डबे, दुसरीकडे गुदमरलेला पूल. दोहोंची किंमत जनताच मोजते.

मग नागरिकांनी काय विचारावे? पहिला प्रश्न : दहा वर्षांपूर्वीची माहिती भरली, तर हे प्रतिमान आजची गर्दी सांगते काय? ज्या आकड्यांवरून ते बेतले, त्यांच्याशीच ते जुळले, यात नवल नाही. न दाखविलेल्या आकड्यांशी जुळले तर ते खरे. दुसरा : पायी चालणारा, मुलाला शाळेत सोडून बाजार करून कामावर जाणारी गृहिणी, यांचे प्रवास मोजले आहेत काय? तिसरा : मेट्रो आली की जमिनीचे भाव आणि इमारती वाढतात, त्यातून नवे प्रवासी निर्माण होतात. हा फेरा हिशेबात धरला आहे, की जमिनीचा वापर स्थिर मानला आहे? चौथा : तिकीट महागले, रोजगार अपेक्षेपेक्षा कमी आले, तर उत्तर किती बदलते? एकच छातीठोक आकडा सांगणाऱ्यापेक्षा किमान आणि कमाल सांगणारा तज्ज्ञ अधिक विश्वासार्ह समजावा.

विकास आराखड्यावर सूचना आणि हरकती नोंदविण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या 1966च्या नगररचना कायद्याने आपणास दिला आहे. आपण तो बहुधा आपल्या घरावरील आरक्षणापुरता वापरतो. यापुढे आराखड्यामागील गृहीतकांवरही हरकत नोंदवू या. ज्या पुलावरून आपली मुले उद्या चालणार आहेत, त्याची रुंदी आजच्या गणितात ठरते आहे. ते गणित तपासणे हे आपले नागरिक म्हणून कर्तव्य आहे.