आकडा बटणाचा, ताप भट्टीचा

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. अमेरिकेत कितीतरी निवृत्त जोडपी असं घर घेऊन महिनोन्‌महिने फिरतात. तिकडे स्थायिक झालेली आपली मुलंही सुट्टीत ते भाड्यानं घेतात. त्यात झोपायला जागा असते, न्हाणीघर असतं, गॅसची शेगडी असते आणि शेगडीखाली एक लहानसा गॅसचा ओव्हन असतो. या ओव्हनबद्दलची तक्रार ठरलेली: बटण कुठेही फिरवा, आतली उष्णता आपल्याच मर्जीनं चालते.

रासायनिक कारखान्यात तापमापकं आणि तापनियंत्रकं सांभाळण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे कोलोरॅडोत राहणाऱ्या माझ्या लेकीच्या मोटारहोममध्ये नानकटाई खालून काळी आणि वरून कच्ची निघू लागली, तेव्हा ते काम आपसूक माझ्याकडे आलं. जावई म्हणाले, "बाबा, थर्मोस्टॅट बदलूनच टाकू या का?" मी म्हटलं, "आधी मोजू या."

मोजायचं का, ते सांगतो. बटणावरचा आकडा ही फक्त आपली मागणी असते, आतल्या तापमानाचं ते मोजमाप नव्हे. ब्रिटनमध्ये 1923 साली गॅसच्या कुकरवर 'रेग्युलो' नावाचा तापनियंत्रक आला. तिथल्या पाककृतींत दिसणारे 'गॅस मार्क'चे आकडे त्याच परंपरेतले. मार्क 4 म्हणजे साधारण 180 अंश सेल्सिअस. अमेरिकेत त्याच जागी 350 अंश फॅरनहाइट लिहितात. ही मागणी पुरी करण्याचं काम पातळ नळीच्या टोकाला असलेली एक छोटी कांडी करते. कांडीतला द्रव तापून फुगतो आणि गॅसला 'आता पुरे' असं सांगतो.

बऱ्याच अमेरिकन मोटारहोमच्या ओव्हनमध्ये एक बारीक ज्योत सतत जळत असते, तिला पायलट म्हणतात. उष्णता कमी पडली की ही ज्योत मोठी होते, सुरक्षा-झडपेचा संवेदक तापवते, मग झडप उघडते आणि मुख्य बर्नर पेटतो. उष्णता पुरेशी झाली की ज्योत लहान होते आणि बर्नर विझतो. म्हणजे तापमान कधीच स्थिर नसतं, ते वरखाली होत राहतं. एकदाच पाहिलेल्या आकड्यावर म्हणूनच विसंबू नये.

आम्ही ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक आणला आणि जाळीच्या मधोमध ठेवला. बटण 350 वर लावून पंचवीस मिनिटं थांबलो. मग दर पाच मिनिटांनी आकडा टिपला. तो 385 ते 430 च्या दरम्यान फिरत होता, सरासरी 405. म्हणजे जिथे 177 अंश सेल्सिअस हवे होते, तिथे 207 होते. नानकटाईचा काही दोष नव्हता.

ओव्हन थंड झाल्यावर टॉर्च लावून पाहिलं. ती कांडी पकडीतून सुटून मागच्या पत्र्याला टेकली होती. रस्त्याच्या हादऱ्यांनी असं होऊ शकतं. पत्रा थंड, म्हणून कांडीला वाटे अजून तापलेलं नाही आणि बर्नर जळतच राही. कांडी पकडीत बसवली, तिच्यावरची काजळी पुसली आणि पुन्हा मोजलं. सरासरी आली 355. खर्च फक्त तापमापकाचा.

तरी तळ थोडा करपतच होता, कारण बर्नर ट्रेच्या अगदी खाली असतो. बर्नरवरच्या पत्र्यावर बिनचकाकीची जाड फरशी ठेवली, तेव्हा उष्णता पसरली. कडेची हवेची वाट मात्र मोकळी सोडायला हवी. तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरण्याची सवय याचसाठी वाईट, त्यानं भोकं बुजतात. अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवावा. गाडी सपाट जागी उभी करावी, नाहीतर केकसुद्धा उतारावर बसतो.

याच्या उलट, ओव्हन तापतच नसेल तर आधी वरची शेगडी पेटवून पाहा. तिची ज्योतही मंद असेल तर दोष ओव्हनचा नसून सिलिंडर किंवा रेग्युलेटरच्या बाजूचा असतो. शेगडी छान जळत असेल, तरच ओव्हनकडे वळा. बटण नेहमी ठरावीक अंशांनीच चुकत असेल, तर दारावर एक चिठ्ठी चिकटवा: '350 हवे असतील तर 325 वर लावा.' तेवढ्यानंही काम भागतं.

आता आपण कुठे थांबायचं, तेही सांगतो. मोजणं, पुसणं, कांडी पकडीत बसवणं इथपर्यंत आपलं काम. सुरक्षा-झडप, गॅसचा दाब आणि जोड हे जाणकार तंत्रज्ञाचं काम. ज्योत निळी हवी. ती पिवळी, काजळी धरणारी असेल तर ओव्हन बंद करा. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि एवढ्याशा खोलीत तो जीव घेतो. म्हणून थंडीत ऊब मिळावी म्हणून ओव्हन कधीही पेटवून ठेवू नका. स्वयंपाक करताना छताची झडप आणि एक खिडकी उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र चालू आहे ना, ते पाहा. प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर जमिनीलगत साचतो. वास आला तर कोणत्याही बटणाला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरून सिलिंडर बंद करा.

तुमची मुलं परदेशात अशी गाडी भाड्यानं घेणार असतील, तर त्यांना फोनवर दोनच गोष्टी सांगा: सामानात ओव्हनचा तापमापक ठेवा, आणि रात्री झोपण्यापूर्वी ओव्हन बंद आहे हे स्वतः डोळ्यांनी पाहा.