आगीपासून कागद वाचवणारी तिजोरी

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि अनेक विभागांच्या फायली खाक झाल्या. घरातलं खरेदीखत, मृत्युपत्र, शाळेचा दाखला यांचं मोलही आपल्याला तेवढंच. पण लोखंडी तिजोरीत ठेवलं की झालं, असं मुळीच नाही. चोराला अडवणारं जाड पोलाद आगीची धग सरळ आत पोचवतं. अग्निरोधक तिजोरीच्या भिंतींत जिप्सम किंवा काँक्रीटसारखा थर असतो. तो तापला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि आतलं तापमान बराच वेळ आटोक्यात राहतं.

म्हणून रंग, आकार, कुलूप नंतर बघा. आधी चाचणीचं प्रमाणपत्र मागा: आगीत किती वेळ टिकते, आणि तोवर आत किती अंश? कागदासाठीच्या अमेरिकी यूएल मानकात आतली मर्यादा सुमारे १७७ अंश सेल्सिअस आहे. कागद तेवढं सोसतो. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह सोसत नाहीत! संगणकीय माध्यमांच्या सर्वांत कडक वर्गात मर्यादा अवघी ५२ अंश, शिवाय दमटपणाचीही अट. त्यांच्यासाठी वेगळी पेटीच घ्या आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा.

आणखी एक. आग विझल्यावर तिजोरी घाईनं उघडू नका. हवा आत शिरताच तापलेले कागद पेट घेऊ शकतात. ती पूर्ण थंड होऊ द्या.