लहरीपासून अंकापर्यंत : संदेशवहनाची मूलतत्त्वे

(स्मृतिव्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम अभिवादन करतो. आजचा विषय तांत्रिक असला, तरी त्याची उदाहरणे केशवापुराहून फार दूर शोधावी लागत नाहीत.

धारवाडचे आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. त्याची मध्यम लहरींवरील ७६५ किलोहर्ट्झ ही वारंवारता या परिसरातील अनेक घरांच्या परिचयाची आहे. ध्वनीचे विद्युत्संकेत थेट आकाशात का सोडता येत नाहीत? एक किलोहर्ट्झच्या विद्युतचुंबकीय लहरीची लांबी ३०० किलोमीटर भरते. प्रक्षेपणाचा मनोरा साधारणतः लहरीच्या चतुर्थांशाइतका उंच धरला, तर तो ७५ किलोमीटरांचा होईल! शिवाय सर्व केंद्रांचे ध्वनी एकमेकांत मिसळतील, ते वेगळेच. म्हणून ध्वनी वाहक लहरीवर आरूढ करावा लागतो. ७६५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३९२ मीटर. तिला शंभर मीटरच्या आतबाहेरचा मनोरा पुरतो. ध्वनीच्या चढउतारांनुसार वाहकाचा आयाम कमीअधिक करणे, हेच आयाम-मॉड्युलेशन.

वळवाच्या पावसात वीज कडाडली की रेडिओ खरखरतो. विजेचा आघात लहरीच्या आयामात मिसळतो आणि ग्राहक यंत्राला गाणे कोणते व आघात कोणता, हे ओळखता येत नाही. एफ.एम. पद्धतीत आयाम स्थिर राखून वारंवारता बदलतात, त्यामुळे असा आघात बराचसा छाटून टाकता येतो. त्याचे मोल मात्र अधिक रुंद वारंवारता-पट्ट्याच्या रूपाने द्यावे लागते.

दूरच्या अंतरावर सदृश पद्धतीची अडचण आणखी वाढते. वाटेतला प्रत्येक वर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो. येथे तारखात्याचे स्मरण होते. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु तिच्यातील ‘कट्ट-कड्ड’ ही मुळात अंकीय भाषाच होती. मधल्या ठिकाणचा तारमास्तर खुणा ओळखून त्या पुढे नव्याने पाठवी. खूण ओळखता आली की मागचा गोंगाट तेथेच संपे. आजच्या अंकीय पुनर्जनकाचे कार्य याहून तत्त्वतः निराळे नाही.

मग आवाजाचे अंक कसे करावयाचे? सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मूळ लहर पुन्हा उभी करता येते. दूरध्वनीत ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा धरतात, सेकंदास ८,००० नमुने घेतात व प्रत्येकास २५६ पातळ्यांपैकी एक, म्हणजे ८ बिट, देतात. गुणाकार केल्यास सेकंदास ६४,००० बिट होतात.

येथे या गावाचे भूषण असलेल्या गंगूबाई हनगळ (१९१३–२००९) यांचा धीरगंभीर स्वर आठवावा. त्यांच्या षड्जाची मूळ वारंवारता ३०० हर्ट्झच्या खालची. दूरध्वनी ती गाळून टाकतो. तरी वरच्या स्वरांशांवरून कान तो षड्ज ओळखतो. परंतु स्वर ओळखणे आणि तो भरदारपणे ऐकणे यांत अंतर आहे. संगीतासाठीच्या कॉम्पॅक्ट डिस्कवर म्हणूनच सेकंदास ४४,१०० नमुने आणि प्रत्येकी १६ बिट योजले गेले.

विद्यार्थी मित्रहो, याच ठिकाणी अभियंत्याची जबाबदारी सुरू होते. जुन्या ध्वनिफितींचे अंकीकरण आज ठिकठिकाणी होत आहे. अंक झाल्यावर प्रतीची प्रत काढली तरी ती झिजत नाही, हा मोठा लाभ. मात्र आरंभी जो पट्टा गाळला, जी पातळी नोंदली नाही, ती पुढे कोणतेही यंत्र परत देऊ शकत नाही. आणि मूळ फीत तोवर विरलेली असते. नमुन्यांची संख्या ठरवताना केवळ साठवणुकीचा खर्च पाहू नका. काय टाकून देत आहोत, ते आधी स्वतःच्या कानांनी ऐका आणि मगच सूत्रात आकडे घाला.