जुन्या जीपगाडीचे टायर



मोटारीच्या चाकांविषयीं बोलण्याचा तुम्हांस अधिकार काय, असें कोणी विचारल्यास माझी पंचाईत होईल. मॅट्रिक होऊन मी शिक्षकी पेशांत शिरलों आणि उभी हयात पाढे व व्याकरण शिकविण्यांत गेली. यंत्रविद्येचा धडा मीं कधीं गिरविला नाहीं. परंतु इंदिरानगरांतील आमच्या घराच्या अंगणांत एक जुनी जीपगाडी उभी आहे, आणि टायर या वस्तूविषयीं मला जें थोडेंबहुत समजतें तें सर्व तिनेंच शिकविलें. या शिकवणीची फी जबर पडली. ती मीं नव्हे, माझ्या वडील बंधूंनीं भरली.

आमची जीप सीजे-३बी या जातीची. दुसरें महायुद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत महिंद्र कंपनीनें अमेरिकेंतून सुटे भाग आणून मुंबईंत जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला, आणि पुढें त्या येथेंच तयार होऊं लागल्या. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील मळ्यांमळ्यांतून त्या दिसत. द्राक्षांच्या पेट्या, खताचीं पोतीं आणि लग्नाचें वऱ्हाड या तिहींची ने-आण त्यांनीं सारख्याच तत्परतेनें केली. आमच्या गाडीचें मूळचें पेट्रोलचें एंजिन खर्चास परवडेना, म्हणून बंधूंनीं तें काढवून डिझेलचें बसविलें. हल्लीं ती निफाडाहून माझ्या अंगणांत आली आहे, कारण माझा पुतण्या तिला पुन्हां रस्त्यावर आणण्याच्या खटपटींत आहे आणि मिस्त्री येथें जवळ पडतो.

एके दिवशीं पुतण्यानें मला अमेरिकेंतील ‘हॉट रॉड’ नांवाच्या गाड्यांचीं चित्रें दाखविलीं आणि म्हणाला, “काका, आपली जीप अशी करूं या. मागें हे जाडजूड टायर, पुढें बारीक.” त्या गाड्यांची कथा गमतीची आहे. १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील तरुण मंडळी फोर्डच्या जुन्या, स्वस्त गाड्या विकत घेत, मडगार्ड काढून टाकून त्यांचें वजन कमी करीत, एंजिनाची शक्ति वाढवीत आणि मुरॉक येथील कोरड्या पडलेल्या सरोवराच्या सपाट तळावर त्या भरधांव सोडीत. १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें एंजिन सामान्य माणसाच्या गाडींत घातलें, तेव्हां तर त्यांच्या हातीं कोलीतच आलें. मागचे टायर मोठे ठेवण्यांत नुसता दिखाऊपणा नव्हता. त्या गाडीचा सारा जोर मागच्या चाकांवर. तेथें जमिनीस अधिक रबर टेकावें हा एक हेतु, आणि मोठें चाक एका फेऱ्यांत अधिक अंतर काटतें हा दुसरा.

जीपेस मात्र हें शास्त्र लागू पडत नाहीं. चिखलांत किंवा चढावर तिच्या चारी चाकांस जोर देतात, तेव्हां पुढचा आंस व मागचा आंस एकाच पेटीस जखडले जातात आणि दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. पुढचें चाक लहान व मागचें मोठें असेल तर निराळ्या चालीचे दोन बैल एका जुवाला जुंपल्यासारखें होतें. कोणींतरी ओढलें जातें, आणि शेवटीं पेटींतील दांते झिजतात. म्हणून जीपेचे टायर चारी एका मापाचे, एका बांधणीचे आणि शक्य तों एकाच वेळीं घेतलेले असावेत. पुतण्याच्या चित्रांचा निकाल असा पहिल्याच बैठकींत लागला.

आतां त्या फीची हकीकत सांगतों.

आमच्या जीपेच्या टायराचें माप ६.००-१६. यांतील पहिला आंकडा टायराची इंचांतील रुंदी आणि दुसरा तो ज्या चाकावर चढतो त्याचा इंचांतील व्यास दाखवितो. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं पुढचे दोन टायर अगदीं गोटा झाले, तेव्हां बंधु एका दुकानांत गेले आणि त्यांनीं ६.००-१६ चे दोन टायर मागितले. दुकानदारानें दिले. नवेकोरे, जाड, घट्ट, वरती तीन उंच कड्या, किंमतहि बेताची. चाकावर ते बिनतक्रार चढले. बंधु खूष झाले. मीहि त्यांची पाठ थोपटली, हें कबूल केलें पाहिजे.

श्रोत्यांपैकीं जे शेतकरी असतील त्यांच्या ध्यानांत एव्हांना आलेंच असेल. ६.००-१६ हें पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांचेंहि माप आहे. त्या तीन कड्या मऊ मातींत ट्रॅक्टर सरळ वळावा म्हणून असतात, आणि तो टायर ताशीं तीस-चाळीस किलोमीटरच्या चालीसाठीं घडविलेला असतो. त्यापुढें तो जातच नाहीं असें नव्हे. जातो, पण तापत जातो. टायर फिरतांना त्याची बगल प्रत्येक फेऱ्यास दबते व उठते, आणि या दबण्या-उठण्यांतून उष्णता निघते. वेग वाढला कीं उष्णता वाढते, हवा कमी असली कीं आणखी वाढते, आणि जाड रबरांतून ती लवकर बाहेर पडत नाहीं. पुढें केव्हांतरी आंतील दोऱ्यांचा व रबराचा सांधा सुटतो.

आमचा सुटला तो विल्होळीच्या पुढें, आग्रा रोडवर, मे महिन्याच्या भर दुपारीं. डिझेलच्या एंजिनानें गाडी चांगली पळत होती. प्रथम सुकाणूंत थरथर आली. मग मडगार्डाखालीं कोणी पट्ट्यानें बडवावें तसा थाडथाड आवाज सुरू झाला. तो सुटलेल्या रबराचा पट्टा होता. बंधूंनीं ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली जाऊन रस्त्याखालच्या चरांत कलंडली. मला खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. बंधूंचें उजवें मनगट मोडलें. तें जुळलें, पण त्या हातांत द्राक्षाच्या छाटणीची कात्री पुन्हां कधीं नीट धरवली नाहीं. छाटणीच्या दिवसांत ते वेलींमधून हिंडत आणि इतरांस नुसतें बोटानें दाखवीत.

त्या दुकानाचें नांव मी घेत नाहीं. आम्हीं माप सांगितलें, त्यानें त्या मापाचा माल दिला. टायर कोणत्या वाहनास हवा, तें वाहन किती वेगानें जाणार, भार किती वाहणार, हें आम्हीं सांगितलें नाहीं आणि त्यानें विचारलें नाहीं. शाळेंत मी मुलांना सांगत असें कीं, गणितांत उत्तराइतकेंच उदाहरण नीट वाचण्यास गुण असतात. टायराचें उदाहरण त्याच्या बगलेवरच छापलेलें असतें, आणि तें आम्हां दोघांपैकीं एकानेंहि वाचलें नव्हतें.

तेथें काय लिहिलेलें असतें तें सांगतों. मापाजवळ बहुधा एक संख्या व एक रोमन अक्षर असतें. संख्या भाराची: ८८ म्हणजे एका टायरावर ५६० किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. या संख्येचें कोष्टक दुकानदाराजवळ असतें; नसेल तर दुकान बदलावें. अक्षर वेगाचें: ‘जे’ म्हणजे ताशीं १०० किलोमीटर, ‘एल’ म्हणजे १२०, ‘एस’ म्हणजे १८०. ‘ए-६’ असेल तर ३० आणि ‘ए-८’ असेल तर ४०. म्हणजे तो शेतीचा टायर समजावा. ‘एफ-२’ हीं अक्षरेंहि ट्रॅक्टराच्या पुढच्या चाकाचीं. ‘प्लाय रेटिंग’पुढें सहा किंवा आठ हा आंकडा असतो, तो टायराच्या बळकटीचा, आंत तितकेच थर असतात असें नव्हे. आणि भारतीय मानकाची आयएसआय खूण पाहावी.

याहून महत्त्वाची खूण जन्मतारखेची. लांबट चौकटींत चार आंकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळदां ती एकाच बगलेवर असते आणि नेमकी तीच बाजू आंत गेलेली असते, म्हणून ती टायर चढविण्यापूर्वीं पाहावी.

गेल्या दिवाळींत या खुणेनें आमच्या घरांत थोडा कलह माजविला. पुतण्यास एका जुन्या वखारींत पांच टायर मिळाले. खास जीपेचेच, जुन्या नक्षीचे, एकदांहि रस्त्यास न लागलेले. एकावर तर कागदी चिठ्ठीहि शाबूत. “काका, असा मूळचा माल पुन्हां मिळायचा नाहीं,” असें म्हणून त्यानें ते अंगणांत मांडले. दिसण्यांत खरोखरच देखणे होते. मीं चष्मा लावून तारीख शोधली. आंकडे तीनच होते. म्हणजे माल २००० सालापूर्वींचा. बगल अंगठ्यानें दाबून वांकविली, तों केंसासारख्या बारीक भेगांचें जाळें दिसलें.

त्याला वाटलें, जो वापरलाच नाहीं तो झिजेल कसा? बैलगाडीच्या चाकास लोहार लोखंडी धांव चढवी. ती दहा वर्षें कोपऱ्यांत पडून राहिली तरी गंजण्यापलीकडे तिचें कांहीं बिघडत नसे. हाच हिशेब आपण रबरास लावतों. परंतु रबर हवेंतील प्राणवायूनें, ओझोननें आणि उष्म्यानें पडल्या जागीं कठीण होत जातें. त्याच्या रक्षणासाठीं त्यांत मेणासारखीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. तीं टायर फिरत असला कीं पृष्ठभागावर येत राहतात, उभ्या गाडींत तशीं येत नाहींत. म्हणूनच वर्षांतून चारदां बाहेर निघणाऱ्या हौशी गाडीचे टायर नक्षी शाबूत असतांना म्हातारे होतात. कायद्यानें मोटारीच्या टायराची खांच १.६ मिलिमीटरहून कमी नसावी. पण जुन्या गाडीला ती कसोटी अपुरी. पांच-सहा वर्षांनंतर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावे, आणि दहा वर्षें झालीं कीं नक्षी कितीहि खोल असो, बदलावे, असाच सल्ला मोठे कारखानदार देतात. वरून काळा रंग चोपडलेला टायर तर मी हातींहि धरीत नाहीं.

पुतण्या दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याच्या वडिलांचा, म्हणजे बंधूंचा, फोन आला. त्यांनीं त्याला काय सांगितलें तें मला ठाऊक नाहीं, पण टायर परत गेले नाहींत, कारण वखारवाला घेईना, आणि चढलेहि नाहींत.

राहिला प्रश्न आडव्या-उभ्या दोऱ्यांचा, म्हणजे साधा टायर कीं रेडियल. जुन्या पद्धतीच्या टायरांत दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांस छेदून जातात. रेडियलमध्यें ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत थेट आडवे जातात आणि नक्षीखालीं निराळा पट्टा असतो. मिशेलिन या फ्रेंच कंपनीनें १९४६ सालीं या बांधणीचें पेटंट घेतलें. रेडियल कमी तापतो, रस्ता चांगला धरतो व अधिक टिकतो, यांत शंका नाहीं. आमच्या मिस्त्रीनें २१५/७५ आर १५ हें माप सुचविलें. मीं फळ्यावर मांडल्यासारखें गणित केलें: २१५ चे शेंकडा ७५ म्हणजे १६१, वर-खालीं मिळून ३२२, त्यांत पंधरा इंच म्हणजे ३८१ मिळविले कीं ७०३ मिलिमीटर, सुमारें पावणेअठ्ठावीस इंच. आमच्या जुन्या टायराची उंची अठ्ठावीस इंचांहून थोडी अधिक. फरक लहान, वेगाचा कांटा खऱ्याहून किंचित् अधिक दाखवील एवढेंच. पण जुन्या चाकाची पाळ साडेचार इंच रुंद, आणि हा टायर त्याहून रुंद पाळ मागतो. म्हणजे पांच चाकें नवीं आलीं, आणि गाडीचें रूपहि बदललें.

रूपाचा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक देण्याचा नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केला. त्यांत गाडी मूळ स्वरूपांत असावी अशी अट आहे. एंजिन बदललेल्या आमच्या जीपेस तो मान मिळणें कठीण, आणि नोंदणींतील तपशील न कळवितां बदलणें मोटारवाहन कायद्यानें मुळींच चालत नाहीं. परदेशांत जुन्या नक्षीचे टायर नव्यानें घडविणारे कारखाने आहेत. परंतु जून २०२० मध्यें नव्या टायरांची आयात सरकारनें परवान्याखालीं आणली, तेव्हां एका गाडीसाठीं पांच टायर मागविण्याचा विचार मीं तेथेंच सोडला.

शेवटीं आम्हीं साधेच घेतले: ६.००-१६, हलक्या मालमोटारींच्या वर्गातले, वेगाचें अक्षर ‘जे’, जन्म चार महिन्यांच्या आंतला. रेडियल व साधे यांची सरमिसळ करण्याचा मोह मिस्त्रीस झाला होता, कारण त्याच्याकडे दोन रेडियल पडून होते. वळणावर दोन जातींचे टायर दोन तऱ्हांनीं वागतात, म्हणून मीं नको म्हटलें. चाकांचा गंज घांसून रंग दिला. तसें न करतां चढविल्यास गंजाची खपली ट्यूब कापते. ट्यूबाहि नव्या घेतल्या. पांचवा टायर घेतांना पुतण्या कुरकुरला. सुट्या चाकास कोण पाहतो, असें त्याचें म्हणणें. परंतु कसारा घाटांत पावसांत पंक्चर झाल्यावर तेंच चाक पुढें लागणार. हवा आम्ही सकाळीं, गाडी थंड असतांना पाहतों, आणि साठांच्या वर जात नाहीं. टायर जाईल, पण जुने ब्रेक तितके थांबवतील याची हमी मी देत नाहीं.

वखारींतले ते पांच देखणे टायर अजून अंगणांत होते. भंगारवाला चांगले पैसे देत होता. तसेच दिले असते तर रंग चढून ते पुन्हां कोणाच्या तरी गाडीखालीं गेले असते, म्हणून मीं मिस्त्रीकडून चारांच्या बगला करवतीनें कापविल्या आणि मगच दिले. भाव अर्थातच पडला. पांचवा निफाडास गेला. बंधूंनीं तो मळ्यांतल्या चिंचेच्या फांदीस दोरानें बांधला आहे, आणि नातवंडें त्यावर झोंके घेतात.