खुर्ची खाली ढकलली नाही तर?

आज बोलायचंय कुमारवयीन मुलांच्या कादंबऱ्यांमधल्या अपंग पात्रांबद्दल. आणि मुद्दा आधीच सांगून टाकते: पुस्तक अपंगत्वाकडे कसं बघतं हे कळायला त्याचा शेवट बघावा.

‘हायडी’ आठवते? तिची मैत्रीण क्लारा चाकाच्या खुर्चीत असते. पीटर रागाच्या भरात ती खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो आणि क्लारा चालायला लागते. १९११ च्या ‘द सीक्रेट गार्डन’मधला कॉलिनही शेवटी स्वतःच्या पायांवर धावतो. वाचताना बरं वाटतं. पण वाचणारी मुलगी कधीच चालणार नसेल तर? तिला एवढंच ऐकू येतं, की बरी झालीस तरच तुझी गोष्ट पूर्ण.

आता शॅरन ड्रेपरची ‘आउट ऑफ माय माइंड’ घ्या, २०१० ची. मेलडीला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलता येत नाही, पण डोकं तल्लख. बोलणारं यंत्र मिळतं आणि ती शाळेच्या क्विझ टीममध्ये पोचते. पुढे तीच टीम तिला मागे ठेवून विमानाने निघून जाते. शेवटी मेलडी बरी होत नाही, आणि टीमशी सगळं गोडही होत नाही. समजूत काढायला पुढे केलेली ट्रॉफी ती नाकारते. तिची किंमत आता ते ठरवणार नसतात.

पद्मा वेंकटरामन यांची ‘अ टाइम टू डान्स’ (२०१४) तर चेन्नईत घडते. भरतनाट्यम शिकणारी वेदा अपघातात गुडघ्याखालचा पाय गमावते. कृत्रिम पायाने ती परत नाचते, पण पहिल्यासारखी नाही. आधी तिला टाळ्या हव्या असायच्या. आता नाच कशासाठी, हे तिला उमगायला लागतं.

आपल्याकडे मथळा ठरलेला: ‘अपंगत्वावर मात’. अहो, व्हीलचेअरवरच्या मुलीला शाळेत रोज मात करावी लागते ती जिन्यावर! शरीर तिचंच आहे, शत्रू नाही. स्वतःला स्वीकारणं म्हणजे हेच, आणि त्यात रॅम्प मागणंही आलं.

म्हणून पालकांना, शिक्षकांना एक विनंती. पुस्तक संपलं की मुलांना विचारा: हे पात्र आहे तसंच राहिलं असतं, तर गोष्ट अपुरी वाटली असती का? का?

त्या उत्तरावर गप्पा होऊ द्या. भेटू पुढच्या भागात.